मामेसासऱ्यांचा शिक्का

माझ्या बायकोच्या मामांनी नुसतं बघून सोडून दिली, अशी एकही वस्तू या भूतलावर शिल्लक नाही. तुम्ही-आम्ही जेवतो, मामा आधी जेवण तपासतात. तुम्ही-आम्ही भाजी घेतो. मामा भाजीवर चौकशी समिती बसवतात. त्यांच्या गळ्यात काळ्या गोफात ओवलेलं एक भिंग असतं. आमच्या मामी म्हणतात, "मी मंगळसूत्र एक वेळ उशाशी काढून ठेवीन, पण हे आंघोळीलासुद्धा ते काढत नाहीत." नदीकाठच्या बाजारातल्या भाजीवाल्या मावश्या त्यांना लांबून येताना बघतात आणि वांग्यांवर ओलं पोतं टाकतात. कारण मामा एक वांगं उचलणार, देठापाशी भिंग लावणार आणि भर गिऱ्हाइकात मोठ्यांदा जाहीर करणार, "मावशी, आत मंडळी राहायला आलीत बरं का!" एकदा एक मावशी वैतागून म्हणाली, "ऱ्हाऊ दे की काका! त्यान्ला तुमी घरी न्या, पन माझं गिऱ्हाईक नका पळवू." मामांनी ते वांगं खरोखरच घरी नेलं, आतली मंडळी आठ दिवस बरणीत पाळली आणि त्यांचं पाखरू झाल्यावर मावशीला दाखवायला परत बाजारात नेलं. तेव्हापासून पोतं.

माझी आणि त्यांची पहिली भेट आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात झाली. रीतीप्रमाणे मी मुलीला बघायचं होतं. प्रत्यक्षात मामांनी मला बघितलं. पोह्यांची बशी माझ्या हातात होती. मामांनी ती काढून घेतली, माझा अंगठा उजेडाकडे वळवला, नखावर भिंग धरलं आणि सगळी बैठक श्वास रोखून बसलेली असताना निकाल दिला, "मुलगा चांगला आहे. लोह कमी आहे." या एका वाक्याने माझं लग्न जमलं आणि याच एका वाक्याने पुढची तीन वर्षं सासुरवाडीला माझ्या ताटात बीट पडत राहिलं. कोशिंबीर झाली, थालीपीठ झालं, एका दिवाळीत तर बिटाच्या करंज्या झाल्या. आजही लग्नाच्या पंगतीत बीट दिसलं की माझा अंगठा आपोआप मुठीत जातो.

मामांचा व्यवसायच बघण्याचा होता. पस्तीस वर्षं त्यांनी शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांतले मायक्रोस्कोप दुरुस्त केले. सिन्नर, मनमाड, कळवण, जिथे जिथे म्हणून एखाद्या कपाटात बुरशी आलेला मायक्रोस्कोप पडून होता, तिथे मामा एसटीने जात, तो उचलून घरी आणत आणि धडधाकट करून परत नेऊन सोडत. गाडीच्या धक्क्यांनी भिंगं हलू नयेत म्हणून ते त्याला माझ्या बायकोच्या लहानपणच्या दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसत. कळवणच्या गाडीत शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "किती महिन्यांचं हो?" मामा म्हणाले, "चाळीस वर्षांचा आहे. जर्मन." बाई उठून कंडक्टरशेजारी जाऊन बसल्या. मामांना त्यांचं चुकलं काय ते आजतागायत कळलेलं नाही.

निवृत्त व्हायच्या वयात मामांनी स्वतःचं एक यंत्र बनवलं. जेवणाच्या डब्याएवढं, पितळी स्क्रूचं, खाली छोटा दिवा, वर डोळा लावायची नळी. नाव ठेवलं 'पानदर्शक'. द्राक्षाच्या बागेत ऑक्टोबरची छाटणी झाली, नवी फूट आली आणि नेमकं त्याच वेळी आभाळ भरून आलं की नाशिक जिल्ह्याच्या निम्म्या लोकांचा जीव टांगणीला लागतो. पानाच्या पाठीवर पांढरं काही दिसलं की तो डावणी रोग आहे, असं धरून लोक फवारणी सुरू करतात. मामांचं म्हणणं साधं होतं. पांढरं दिसलं म्हणजे डावणी नव्हे. आधी पानदर्शकात बघा. डावणी असेल तर झाडासारख्या फांद्या दिसतील आणि फांद्यांच्या टोकाला लिंबं लटकलेली दिसतील. लिंबं दिसली तर मारा औषध. नाही दिसली तर चहा प्या.

आता हे यंत्र लोकांसमोर न्यायचं कुठे? तर द्राक्षावरच्या रोगांची मोठी शास्त्रीय परिषद दरवर्षी आमच्या नाशकात भरते, तिथे. अकरा वर्षं मामांनी तिथे स्टॉल लावला आणि अकरा वर्षं त्यांचा हमाल, सहायक आणि खुर्ची सांभाळणारा म्हणून मी त्यांच्या शेजारी बसलो. मी बँकेत नोकरी करतो. मला द्राक्षातलं फक्त खाणं समजतं. पण मामेसासऱ्यांनी "जावईबापू, येताय ना?" असं विचारलं की मी रजेचा अर्ज टाकतो. त्या प्रश्नात माझा अंगठा असतो.

शास्त्रीय परिषद म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शास्त्रीय परिषद म्हणजे प्रायोजकांचं लग्न. शास्त्रज्ञ वऱ्हाडात असतात. सगळ्यात वर प्लॅटिनम प्रायोजक, मग गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ. त्याच्याही खाली, ज्यांना नुसतं एक टेबल आणि दोन खुर्च्या मिळतात असे आम्ही. मामा आमच्या वर्गाला 'जस्त' म्हणत. गळ्यातली फीत प्लॅटिनमची, पिशवी गोल्डची, पाण्याची बाटली सिल्व्हरची. सकाळचा चहा आला की माइकवरून घोषणा होते की हा चहा आपल्यासाठी अमुक कंपनी घेऊन आली आहे; आणि दोनशे विद्वान त्या कंपनीच्या उपकाराखाली बिस्किट बुडवतात. एका वर्षी तर 'फवारण्या कमी कशा कराव्यात' या विषयावरचं भाषण बुरशीनाशक विकणाऱ्या कंपनीनेच प्रायोजित केलं होतं. प्रायोजकांचे आभार वीस मिनिटं चालले, भाषणाला दहा मिनिटं उरली. फवारण्या कमी झाल्या नाहीत, भाषण तेवढं कमी झालं.

मामांनाही एका वर्षी वाटलं की आपणही काहीतरी प्रायोजित करावं. विचार करकरून त्यांनी टूथपिक प्रायोजित केल्या. प्रत्येक काडीला मामींच्या हस्ताक्षरात कागदाची झेंडी होती, 'आधी पाहा'. केटररने त्या काड्या निष्ठेने गुलाबजामांत टोचल्या. दोनशे शास्त्रज्ञांनी झेंडी वाचली, गुलाबजाम उलटासुलटा करून पाहिला, संशयाने एकमेकांकडे पाहिलं आणि परातीच्या परात तशीच परत गेली. त्या दिवशी आचाऱ्याने मामांना विचारलं, "काका, माझं काय वाईट केलं मी?" मामा म्हणाले, "पहिल्यांदा या परिषदेत कोणीतरी काहीतरी नीट पाहिलं. तुमचा सत्कार व्हायला हवा."

तर यंदाची गोष्ट. परिषदेच्या आठ दिवस आधी मामींचा मला बँकेत फोन आला. "जावईबापू, एकटे आहात का?" मी बँकेत, समोर पेन्शनरांची रांग. म्हटलं, "एकटाच आहे, बोला." मामी म्हणाल्या, "यंदाचा स्टॉल शेवटचा. यांचे डोळे गेलेत हो. म्हणजे कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही. मधोमध डाग. डॉक्टर म्हणाले, आता हे मागे यायचं नाही. कुणाला सांगायचं नाही असं मला बजावलंय, म्हणून मी फक्त तुम्हाला, तुमच्या बायकोला आणि समोरच्या वहिनींना सांगितलंय." मग जरा थांबून म्हणाल्या, "एकदा शेवटचं मांडू द्या त्यांना. चार माणसं खरंच डोळा लावून बघून गेली की सुखानं घरी बसतील. नाहीतर हे घरी बसून मलाच बघतील आणि आता तेही धड दिसायचं नाही."

मी ते गुपित पोटात घेऊन मामांबरोबर परिषदेला गेलो. आमचा स्टॉल नंबर सत्तेचाळीस. म्हणजे शेवटचा, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. एका बाजूने फोडणीचा धूर, दुसऱ्या बाजूने भांड्यांचा आवाज. मामा खूश. "इथं माणसं जिवंत आहेत," म्हणाले. पानदर्शकाखाली त्यांनी डावणीचं एक नमुनेदार पान लावलं. स्क्रू फिरवताना त्यांचा चेहरा थोडा तिरका झालेला, नजर नळीच्या कडेने. मग मला म्हणाले, "जावईबापू, जरा बघा. लिंबं दिसतात?" मी डोळा लावला. अकरा वर्षांत मला त्या नळीत एक करडा गोल आणि त्यात काहीतरी काळं फडफडताना यापलीकडे काही दिसलेलं नव्हतं. दरवर्षीप्रमाणे म्हणालो, "झकास, मामा! लिंबंच लिंबं!" मामा समाधानाने खुर्चीत टेकले.

यंदा प्लॅटिनमवाल्यांनी एक नवी युक्ती काढली होती. हीही बुरशीनाशकवालीच कंपनी. प्रत्येक प्रतिनिधीला एक कार्ड दिलं होतं, त्यावर सत्तेचाळीस चौकोन. प्रत्येक स्टॉलवर जायचं, शिक्का घ्यायचा; सगळे चौकोन भरले की कार्ड सोडतीच्या पेटीत टाकायचं. बक्षीस, विजेवर चालणारी स्कूटर. ती सभागृहाच्या दारात हार घालून उभी केली होती आणि तिच्याभोवती व्याख्यानांपेक्षा जास्त गर्दी होती. बाकीच्या स्टॉलवाल्यांनी आपले शिक्के सुतळीने टेबलाला बांधून ठेवले होते. विद्वान मंडळी येत, आपल्या हाताने शिक्का मारत, एक पेन उचलत आणि पुढे जात. स्टॉलवाले मान वर करत नव्हते, विद्वान मान खाली करत नव्हते. विज्ञान आणि उद्योग यांचा असा सुरळीत संगम मी पूर्वी पाहिला नव्हता.

ही वरात सत्तेचाळीस नंबरला येऊन अडली. मामांनी आपला शिक्का खास बनवून घेतला होता. त्यावर एकच शब्द, 'पाहिले'. आणि तो सुतळीला नव्हता, मामांच्या मुठीत होता. पहिले गृहस्थ आले, हात पुढे केला. मामा म्हणाले, "आधी डोळा लावा. मग सांगा काय दिसलं. मग शिक्का."

गृहस्थांनी डोळा लावल्यासारखं केलं. "छान आहे."

"छान हे मत झालं. दिसलं काय?"

"अं... स्ट्रक्चर."

"कसलं?"

"बायोलॉजिकल."

"साहेब, बायोलॉजिकल तर तुम्हीपण आहात. पुन्हा बघा."

मागे रांग लागू लागली. एका विद्यापीठातले भारदस्त प्राध्यापक आले. त्यांनी नळीत बराच वेळ बघितलं आणि वर्गात सांगावं तसं खर्जात वर्णन केलं, "तंतुमय रचना आहे. वर्ण कृष्ण. तंतू समांतर असून मधूनमधून जलद हालचाल करताना आढळतात." रांगेतल्या दोन विद्यार्थिनींनी ते वहीत टिपून घेतलं. मामा हात जोडून म्हणाले, "सर, ती तुमची पापणी आहे." रांगेत कुणीतरी खोकलं. मी मान खाली घातली. कारण माझ्या अकरा वर्षांच्या फडफडणाऱ्या काळ्याचा उलगडा मला त्या क्षणी झाला होता.

अर्थात काहींना दिसलं. दिसलं की मात्र माणसाचा चेहरा बदलायचा. "अरे! खरंच झाड आहे हो!" असं म्हणत एक बाई दोनदा बघून गेल्या. मामा प्रत्येकाला खोदून विचारत, "किती फांद्या? सरळ की काटकोनात? लिंबं गोल की लांबट?" लोकांना वाटे, म्हातारा तोंडी परीक्षा घेतोय. मला एकट्याला माहीत होतं की म्हातारा दुसऱ्यांच्या डोळ्यांनी आपलंच यंत्र बघून घेतोय.

दुपारपर्यंत आमची रांग वडे तळणाऱ्या कढईपर्यंत पोचली आणि सोडतीच्या पेटीत जेमतेम पाच-सहा कार्डं पडली. संयोजक सचिव धावत आले. त्यांच्यामागे टाय लावलेले प्लॅटिनमचे विभागीय साहेब. सचिव म्हणाले, "काका, काय चालवलंय? मारून टाका ना शिक्के! चारला ड्रॉ आहे. लोकांच्या पाचच्या गाड्या आहेत."

"मग त्यांनी लवकर बघावं. मी कुठं नाही म्हणतो?"

टायवाले साहेब गोड हसून म्हणाले, "अंकल, इट इज जस्ट अ फॉर्मॅलिटी."

"तुमची असेल," मामा म्हणाले. "माझ्याकडं पान आहे."

"असं असेल तर पुढच्या वर्षी टेबल मिळणार नाही," सचिवांनी शेवटचं अस्त्र काढलं.

"पुढच्या वर्षी मी नाहीच," मामा म्हणाले. इतक्या सहज की सचिवांना ते ऐकूही आलं नाही. मला आलं.

त्या गडबडीतच स्वयंपाकघराच्या दारातून एक पस्तिशीचा माणूस आत डोकावला. खांद्यावर कोथिंबिरीचं ओझं. दिंडोरीकडचा बागाईतदार, चार एकर द्राक्षं, बांधाच्या कडेला कोथिंबीर, ती केटररला द्यायला आलेला. द्राक्षावरच्या एवढ्या मोठ्या परिषदेत द्राक्ष पिकवणारा हा एकच इसम, आणि तो कोथिंबिरीच्या निमित्ताने आत आला होता! त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक पान काढलं. पाठीवर पांढरे ठिपके. "काका, त्या टायवाल्या सायबाला मोबाइलमधी फोटो दावला. ते म्हनले, डावणी हाय, आजच्या आज मारा. आवंदा तीन फवारे झाले. परत मारायचा म्हंजी जिवावर येतंय. तुमी बघून सांगता का?"

मामांनी काचेवरचं जुनं पान काढलं, त्याचं पान तिथं लावलं. म्हणाले, "अर्ध्या तासानं ये. तोवर पन्नास जण बघतील. पन्नास जणांचं एकमत तुला सांगतो." तो खूश होऊन कोथिंबीर मोजायला गेला. आणि तेवढ्यात सभागृहात मामांच्या आवडत्या विषयावरचं भाषण सुरू झाल्याची घोषणा झाली, 'पानावरचा रोग वेळेत ओळखणे'. स्टॉलवाल्यांना सभागृहात प्रवेश नसतो. मामा दरवर्षी दाराच्या फटीत उभे राहून ऐकत. त्यांनी शिक्का माझ्या हातात दिला. "जावईबापू, बघितल्याशिवाय नाही हं." आणि भिंतीला हात लावत, कडेकडेने चालत गेले.

आता मी जे केलं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण त्या रांगेत तुम्ही नव्हतात. समोर साठ-सत्तर विद्वान, सगळ्यांच्या हातात कार्डं, सगळ्यांच्या डोळ्यांत स्कूटर. सचिव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, तुम्ही सुज्ञ दिसता." सुज्ञ म्हटलं की मी संपतो. त्यात हातात शिक्का. पंचवीस वर्षं बँकेत मी दुसरं केलंय काय? हाताने डोक्याला विचारलंच नाही. धप, धप, धप! पाहिले, पाहिले, पाहिले! दहा मिनिटांत रांग साफ. पानदर्शकाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. प्राध्यापकांनी तर पत्नीचं कार्डही पुढे केलं, तिच्या वतीनेही पाहिले. सचिवांनी माझा हात हातात घेऊन दाबला. टायवाल्या साहेबांनी मला एक पेन दिलं.

मामा परतले ते उजळून. भाषणकर्त्याने म्हणे तेच सांगितलं होतं, आधी बघा. रिकाम्या जागेकडे मान तिरकी करून त्यांनी विचारलं, "सगळे बघून गेले?"

"सगळे, मामा."

"सगळ्यांनी डोळा लावला?"

"प्रत्येकाने."

मी त्या चेहऱ्यावर जे पाहिलं ते पाहायला भिंग लागत नव्हतं. अकरा वर्षांचं ओझं उतरलेला माणूस तसाच दिसत असावा. "काय दिसलं म्हणाले?"

सकाळपासून ऐकून पाठ झालेलं मी धडाधडा म्हणालो, "झाडासारख्या फांद्या, काटकोनात फुटलेल्या, टोकाला लांबट लिंबं. एकमत होतं, मामा!"

मामांचा चेहरा उतरला. "अरेरे. म्हणजे त्या बिचाऱ्याच्या बागेत शिरली की डावणी."

आणि तेव्हा कुठे मला आठवलं. पान बदललं होतं! मी सकाळच्या पानाची लिंबं दुपारच्या पानाला लावली होती. आणि दारात तो बागाईतदार उभाच. "काका, काय निघालं?"

"वाईट वाटून घेऊ नकोस. डावणीच आहे. पन्नास जणांनी बघितलं. मार औषध."

त्याने लगेच मोबाइल काढला. "हां, भावड्या, टाकी भर. ब्लोअर जोड ट्रॅक्टरला. हां, आजच."

"थांबा!" मी ओरडलो. वडे तळणारा आचारीसुद्धा थांबला. "फोन ठेवा. मामा, कुणीही बघितलेलं नाही. मी नुसते शिक्के मारले. आणि मी... मी पण कधीच बघितलेलं नाही. अकरा वर्षांत मला फक्त पापणी दिसलीय."

मला वाटलं, मामा ओरडतील. निदान बीट तरी पुन्हा सुरू होईल.  पण मामांनी स्वतःची खुर्ची सरकवली आणि पानदर्शकासमोर ठेवली. "बसा. मीच बघितलं असतं, पण..."

"माहीत आहे, मामा."

"मामीनं सांगितलं?"

"नाही."

"म्हणजे सांगितलं." ते हसले. "तर मग आज तुम्हाला बघावंच लागेल. दोन्ही डोळे उघडे ठेवा. दुसरा मिटू नका. नळीला चिकटू नका, जरा लांब. श्वास सोडा. आता स्क्रू आपल्याकडं, अगदी सावकाश."

करडा गोल. पापणी. श्वास सोडला. पापणी गेली. आणि एकदम, कुणीतरी पडदा बाजूला सारावा तसं, एक हिरवं मैदान माझ्यासमोर उघडलं. शिरांचे रस्ते, मधे चकचकीत तळी. मी नळीवरचा डोळा इतका वेळ काढला नाही की बागाईतदार म्हणाला, "सायेब झोपले का काय?"

"काय दिसतं?" मामांनी विचारलं. आवाज अगदी हळू.

"मिठाचे खडे सांडल्यासारखं."

"फांद्या?"

"नाहीत."

"लिंबं? खरं सांगा. घाई नाही."

"नाहीत, मामा. एकही नाही. नुसते खडे. काही चौकोनी, काही मोडके, थेंब वाळून राहावा तसे गोलात बसलेले."

मामांनी डोळे मिटले होते. ते पान त्यांना माझ्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं. "बोट ओलं करून पुसा बरं." मी पुसलं. खडे गेले, खाली हिरवंगार पान. मामा खदखदून हसू लागले. "अरे बाबा, ही डावणी नव्हे! हा तुझा मागचा फवारा वाळून बसलाय! तूच मारलेलं औषध बघून पुन्हा औषध मारायला सांगतायत!"

बागाईतदाराने आधी पानाकडे पाहिलं, मग सभागृहाकडे, मग फोन उचलला. "भावड्या, राहू दे. टाकी नको भरू. चहा पी." आणि कोथिंबिरीची सगळ्यात मोठी जुडी मामांच्या मांडीवर ठेवून म्हणाला, "लय भारी काम केलं काका. शेवटाला एकानं तरी बघितलं म्हना."

त्याच वेळी सभागृहातून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. स्कूटर लागली होती. पापणीवाल्या प्राध्यापकांना. त्यांच्या कार्डावरचा सत्तेचाळिसावा शिक्का माझा होता.

मामांनी टेबलावर हात फिरवत शिक्का शोधला. "जावईबापू, तुमचं कार्ड?" माझ्याकडे कार्ड कुठलं? मग त्यांनी माझा हात ओढून घेतला, जुन्या सवयीने अंगठाही चाचपून पाहिला, आणि तळहातावर शिक्का मारला. म्हणजे मारायचा तळहातावर होता. तो पडला शर्टाच्या बाहीवर, तिरका. मी म्हटलं, "बरोबर बसला, मामा." त्या दिवशीचं माझं हे शेवटचं खोटं.

आता मामा स्टॉल लावत नाहीत. पानदर्शक आमच्या गॅलरीत असतो, कठड्याशेजारी, त्याच जुन्या दुपट्याखाली. दर रविवारी मामा येतात, खुर्चीत बसतात, कोथिंबीरवाला आणि त्याच्या ओळखीचे दोघे-चौघे रुमालात पानं घेऊन येतात. मी बघतो, मामा सांगतात. बायको त्या शर्टाची बाही किती वेळा घासून थकली, पण 'पाहिले' काही निघालं नाही, आणि मी ती फार जोरात घासू दिलेलीही नाही. कधी मला घाई असते, सामना चालू असतो, मी पटकन म्हणून टाकतो, "स्वच्छ आहे, मामा." मामा कठड्यापलीकडे, जिथे त्यांना कडेचं तेवढं आभाळ दिसतं, तिकडे तोंड करून बसलेले असतात. तसेच म्हणतात, "पापणी सोडून काय दिसतं ते सांगा." मी श्वास सोडतो, दोन्ही डोळे उघडे ठेवतो आणि पुन्हा बघतो.